तीर्थ कुणी खाण्यात धरतं का?

आंबेराई चाळीत रत्नप्रभा घाडीला सगळे पाठीमागे ‘जुलाबवाली वहिनी’ म्हणायचे. पाठीमागे म्हणजे तरी काय, दोन खोल्यांच्या मधे एक पत्रा! तिला सगळं ऐकू जायचं. ती हसून म्हणायची, “म्हणू देत की. कामच ते आहे माझं, लाजायचं कुणाला?”

अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीला लागून एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर अनुपमांनी एक गोष्ट मनावर घेतली होती. पोराला जुलाब झाले की आई त्याला काखोटीला मारून धावत येते, मीठ-साखरेच्या पाण्याची पोस्टरं भिंतीभिंतीवर लागतात. पण मोठ्या माणसांचं काय? चांगला धडधाकट बाप्या दिवसभर डबा घेऊन खेपा घालतो, ‘जरा पोट बिघडलंय’ म्हणतो, कसलीतरी गोळी गिळतो आणि कामावर जातो. त्याला कशानं झालं, काय खाल्ल्यानं झालं, हे कुणी विचारतच नाही. ते विचारत राहायचं, महिनोन् महिने, वस्तीवस्तीत. त्या कामासाठी डॉक्टरबाईंना दार ठोठवायला न लाजणारी एक बाई हवी होती, आणि रत्नप्रभाचा नवरा गुणाजी गिरणीच्या संपात घरी बसलेला. ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली.

आता तुम्हीच सांगा, परक्या पुरुषाच्या दारात उभं राहून ‘पातळ होते का? रक्त पडतं का?’ हे विचारणं काय सोपं आहे? आणि विचारून झाल्यावर पिशवीतून छोटी बाटली काढून पुढे करायची, ‘यात थोडं द्या.’ एका सुतारानं तर तिला पटाशी दाखवून जिन्यावरून खाली पिटाळलं होतं. ती खाली गेली, नळावर पाणी प्याली आणि पुन्हा वर चढली. “दादा, पटाशी ठेवा बाजूला,” म्हणाली, “तुम्हाला काय झालं ते कळलं नाही, तर उद्या तुमच्या बायकोला होईल.” त्या सुतारानं निमूट बाटली घेतली. अशी चिकट बाई. गुणाजीला पुढे कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली, तो म्हणाला, सोड आता ते घाणीचं काम. पण हिनं सोडलं नाही. तिला त्याची गोडी लागली होती, असं म्हणायला हरकत नाही.

तर ही गोष्ट पंच्याऐंशी सालातली. सव्वीस जानेवारीची.

सव्वीस जानेवारीला मुंबईच्या चाळीत सत्यनारायण असायचाच. झेंडा सकाळी, पूजा त्याच्या मागोमाग, मग दिवसभर दर्शन, हळदीकुंकू आणि संध्याकाळी भजन. आंबेराई चाळीची पूजा म्हणजे चंद्रप्रकाश परबाचं राज्य. चाळ कमिटीचा सेक्रेटरी, आवाज असा की लाउडस्पीकर लावायची गरज नाही. मांडव तो घालणार, भटजी तो आणणार, पंचामृताचं दूध तर दुसऱ्या कुणाला आणूच देणार नाही. पहाटे जोगेश्वरीच्या तबेल्यात जाऊन म्हशी समोर पिळून घ्यायच्या आणि निरसं दूध कॅनमधून आणायचं. देवाला तापवलेलं दूध चालत नाही, हे त्याच्या आईनं सांगितलेलं. आणि तीर्थाचं पातेलं दिवसभर रिकामं होऊ द्यायचं नाही, हेही तिनंच सांगितलेलं. पातेलं तळाला लागलं की चंद्रप्रकाश कॅनमधलं दूध वर ओतायचा, पळीनं ढवळायचा, पुन्हा वाटप चालू.

त्या वर्षी सव्वीस तारीख शनिवारी आली. वेसाव्याची पुतळाबाई कोळीण त्या दिवशी टोपली न घेता आली. तीस वर्षं ती चाळीच्या फाटकाशी, पिंपळाच्या पाराला लागून बसून म्हावरं विकत होती. पूजेच्या दिवशी मात्र नवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून यायची, देवाला हात जोडायची आणि तीर्थ घेऊन जायची. रविवारी सकाळी ती फाटकाशी हजर. टोपलीभर बांगडे. शनिवारचं शिवराक, म्हणजे बिनमाशाचं जेवण खाऊन चाळीच्या जिभेला गंज चढलेला, घरोघरी बांगड्यांचं तिखलं रटरटलं. रत्नप्रभाकडेही.

आणि रविवारच्या रात्रीपासून वाट लागली. सोमवारी सकाळी संडासांपुढे अशी रांग की रेशनच्या दुकानापुढेही नसेल. पोट धरून वाकलेली माणसं, कुणाला ताप, कुणाला ओकाऱ्या. गुणाजी दोनदा रांगेतून पळाला. रत्नप्रभाचंही पोट दुपारपर्यंत मुरडत होतं. चंद्रप्रकाशचा धाकटा भाऊ सहदेव तर इतका सुकला की त्याला दोघांनी उचलून रिक्षात घातला, इस्पितळात सलाईन लावलं.

“त्या कोळणीचे बांगडे!” चंद्रप्रकाशनं चौकात उभं राहून जाहीर केलं. “शनिवारचा शिळा माल रविवारी खपवला तिनं. माझा भाऊ मरायला टाकलाय!”

सगळ्यांना ते पटलं. आदल्या दिवशी सगळ्यांनी काय खाल्लं होतं? बांगडे. झालं! पुतळाबाई टोपली घेऊन आली ती फाटकाशीच अडवली. “काल बोलली नायस ना, माल कालचा हाय म्हणून?” कुणीतरी तिच्यासारखं बोलून दाखवलं आणि पोरंटोरं हसली. पुतळाबाई एरवी शिव्या द्यायला कमी करणारी नव्हे. पण त्या दिवशी तिनं टोपलीतला एक मासा उचलून हुंगला आणि परत ठेवला. टोपली उचलून ती गेली. चंद्रप्रकाशनं तिची बसायची जागा फिनेल ओतून धुवून काढली आणि वर सांगितलं, “पुन्हा इथं दिसली तर याद राखा.”

रत्नप्रभा म्हणाली, “भावोजी, थांबा ना जरा. तपासून तर बघू. कशानं झालं ते कळू दे.”

“वहिनी, तुमच्या बाटल्या तुमच्याकडे,” चंद्रप्रकाश म्हणाला. “माझा भाऊ तिकडे पडलाय, इथं तपासायचं काय राहिलंय?”

तीस वर्षं बसलेल्या बाईला कुत्र्यासारखं हाकललं, याचा रत्नप्रभाला संताप आला होता. पण खरं सांगायचं तर तिलाही आतून वाटत होतं की बांगडेच असणार. तिनंही तेच खाल्ले होते ना. फक्त, वाटणं आणि कळणं यात फरक असतो, एवढं ती या कामात शिकली होती. ती पिशवी घेऊन पहिल्या खोलीपासून सुरू झाली. काय खाल्लं, कधी खाल्लं, कुठलं पाणी प्यालात. ज्यांनी एरवी तिला बघून दार लावून घेतलं असतं, त्यांनीही त्या दिवशी बाटल्या भरून दिल्या, इतके सगळे घाबरले होते.

पहिला खडा तिला पोरांपाशी लागला. घरोघरी मोठी माणसं आडवी आणि पोरं मात्र चौकात गोट्या खेळत होती. पोरांनी बांगडे खाल्ले नव्हते? खाल्ले होते, काटे काढून, कालवून, ताट चाटूनपुसून. मग त्यांना काहीच कसं झालं नाही? तिनं डॉक्टर अनुपमांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हे फार महत्त्वाचं आहे, रत्नप्रभा. आणि तिखलं चांगलं उकळलेलं असतं. मोठ्यांनीच घेतलं, पोरांनी घेतलं नाही, असं काहीतरी शोध.”

काय बरं असेल? दारू? बायकांनी कुठं घेतली! तंबाखू? चहा? ती पुन्हा घरोघरी फिरली. लोक वैतागले. “अगं, सांगितलं ना बांगडे! किती वेळा विचारशील?” गुणाजी घरी चिडला. “तुला चाळीत राहायचंय ना? लोक म्हणतात ही कोळणीची वकिली करते.”

“मी कुणाची वकिली करत नाही,” ती म्हणाली. “मला कारण पाहिजे. कारण सापडेपर्यंत मी गप्प बसायची नाही, तुम्ही जेवायला वाढून घ्या.”

मग एक दिवस नळावर तिच्या कानावर कुजबुज आली, आणि दबलेलं हसूही. सोनूबाई आजींना पण झाले म्हणे! आता सोनूबाई म्हणजे कोण, तर चाळीच्या टोकाच्या खोलीतली मालवणकडची म्हातारी, गळ्यात तुळशीची माळ. मासे सोडा, कांदा-लसूण घरात नाही. रत्नप्रभालाही तिनं दाराआडूनच ‘माका कायच नाय’ म्हणून परतवलं होतं. नळावरच्या बायकांनी अर्थ लावून टाकला होता. म्हातारीनं चोरून बांगडा खाल्ला! माळकरणीनं! कुणी म्हणे वासानं जीभ चळली, कुणी म्हणे सुनेनं दिला असेल. दोनच दिवसांत म्हातारीच्या समोर तिच्याशी कुणी बोलेनासं झालं आणि पाठीमागे सगळे तिच्याबद्दलच बोलू लागले.

रत्नप्रभा सरळ तिच्या दारात गेली. सोनूबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे सुजलेले.

“आजी, मी रत्नप्रभा.”

“तू पण इचारूक इलंस? मासे खाल्लंस काय म्हणान?” म्हातारी ताडकन उठून बसली. “ह्या माळेची शपथ घेवन सांगतंय, नाय खाल्लंय मी! रविवारी पेज घेतलंय नि शनिवारी तर माझो उपास. कायच खाल्लंय नाय. पाणी सुद्धा भायरचा नाय.”

“काहीच नाही? शनिवारी दिवसभर?”

“कायच नाय गो! पूजेक गेलंय, पाया पडलंय, तीर्थ घेतलंय नि घराक इलंय.”

रत्नप्रभाच्या हातातली बाटली हातातच राहिली.

“तीर्थ घेतलंत?”

“घेतलंय तर. तीन येळा. मगे? तां काय खाणां झालां?”

नाहीच मुळी! तीर्थ कुणी खाण्यात धरतं का? उपासाला चालतं, सोवळ्यात चालतं. साऱ्या चाळीला तिनं विचारलं होतं, काय खाल्लं, काय प्यालं. आणि साऱ्या चाळीनं बांगडे सांगितले, भात सांगितला, कटिंग चहा सांगितला, पण तीर्थ एकानंही सांगितलं नाही. कुणी लपवलं नव्हतं. ते खाणं नव्हतंच. आणि लोकांचं काय घेऊन बसलात? ती स्वतः पळीभर तीर्थ पिऊन, उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवून घरी आली होती, आणि आपण काय काय खाल्लं याची मनात उजळणी करताना तिलाही ते एकदाही आठवलं नव्हतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. “मेलं माझं डोकं ते!”

पोरांचं कोडंही सुटलं. पोरं शिऱ्यावर तुटून पडली होती, तीर्थाला कोण विचारतंय. आणि निरसं दूध, पहाटेपासून कॅनमध्ये, शिळ्यावर ताजं, ताज्यावर शिळं, रात्रीच्या भजनापर्यंत. पंचामृत देवाचं खरं, पण म्हैस तबेल्यातली होती ना!

पण हे चाळीला सांगायचं कसं? चंद्रप्रकाशनं तिला उभी चिरली असती. पुरावा पाहिजे होता, आणि पातेलं तर केव्हाच घासून मांडणीवर गेलं होतं. तेवढ्यात तिची नजर म्हातारीच्या देव्हाऱ्याकडे गेली. लंगड्या बाळकृष्णाच्या शेजारी औषधाची एक चपटी बाटली, तोंडाला फडक्याचा बोळा.

“तां झिलाक ठेवलंय,” सोनूबाई म्हणाली. “कामाक सुरतेक गेलो हा. इलो काय देतलंय.”

“आजी, ती मला द्या.”

“तीर्थ? तुझ्या त्या शेणाच्या बाटल्यांवांगडा? येडी झालंस काय?”

रत्नप्रभा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. “आजी, तुम्ही बांगडा खाल्ला असं चाळ म्हणते. मला माहीत आहे तुम्ही खाल्ला नाही. पण माझ्या एकटीच्या माहीत असण्याला कोण विचारतं? यातलं थोडं आणि तुमच्या पोटातलं थोडं, दोन्ही द्या. जे खरं असेल ते निघेल. आणि हे तुमच्या मुलाला अजिबात पाजू नका, तुम्हाला हात जोडते.”

म्हातारीनं माळेचे चार मणी ओढले. मग तिनं बाळकृष्णाला नमस्कार केला, काहीतरी पुटपुटली, आणि बाटली उचलून रत्नप्रभाच्या हातावर ठेवली.

तपासणीला दिवस लागले. जंतू वाढवायचे, ओळखायचे, ते काय घाईनं होत नाही. एका दुपारी डॉक्टर अनुपमांनी तिला आत बोलावलं. “बाटली कित्येक दिवस उबेत होती, त्यामुळे नुसत्या बाटलीवर मी काही बोलले नसते,” त्या म्हणाल्या. “पण सहदेवच्या पोटात, तुझ्या नवऱ्याच्या पोटात आणि सोनूबाईंच्या पोटात एकाच जातीचा जंतू निघालाय. तोच बाटलीत. आणि सोनूबाईंनी मासे खाल्लेले नाहीत. आता मला शंका नाही. शाब्बास.” मग म्हणाल्या, “मी येऊ का चाळीत सांगायला?”

“नको बाई,” रत्नप्रभा म्हणाली. “तुम्ही सांगितलंत तर म्हणतील, शिकलेल्यांना देव नको असतो. मीच सांगते.”

रविवारी तिनं कमिटीला चौकात सभा घ्यायला लावली. सहदेव इस्पितळातून परतला होता, फिकट, पायरीवर बसून. रत्नप्रभानं जे होतं ते सरळ सांगितलं. बांगड्यांचा दोष नाही. दूध निरसं होतं, दिवसभर राहिलं, तीर्थातून झालं.

बापरे! काय गलका उसळला! “तीर्थाला नावं ठेवते!” “जुलाब गोळा करून करून भ्रष्ट झाली!” चंद्रप्रकाशचा आवाज सगळ्यांच्या वर. “माझ्या आईनं आयुष्यभर असंच केलं! तीर्थानं माणूस आजारी पडत असेल तर देव कशाला म्हणायचं? कोळणीनं काय दिलं गं तुला, पापलेट?”

गुणाजी इतका वेळ मागे भिंतीला टेकून होता. तो पुढे येऊन बायकोच्या बाजूला उभा राहिला. रत्नप्रभानं पदर खोचला. “ओरडा हवं तेवढं. मी इथून हलणार नाही.”

“मी सांगतंय.” आवाज बारीक होता, पण सगळे वळले. सोनूबाई काठी टेकत आली होती. “माका बोलूक देशात काय कोण? आठ दिवस माझ्या पाठी बोलतास, आता तोंडार आयका. मी मासे खाल्लंय नाय. मी तीर्थ घेतलंय, तीन येळा, नि माका झाले. आता दोनातला एक ठरवा. नायतर म्हणा, सोनूबायन माळ घालून बांगडो खाल्ल्यान. म्हणा कोणतरी, माझ्या डोळ्यांत बघून म्हणा!”

नळावरच्या बायकांनी माना खाली घातल्या.

“देवाचा काय चुकला नाय रे चंद्रप्रकाशा,” म्हातारी जरा मऊ आवाजात म्हणाली. “देवान दूध तापवू नको म्हणान कधी सांगल्यान? तां तुझ्या आवशीन सांगल्यान. ती बरी बाय होती. पण तिच्या येळाक म्हस दारात होती, दूध काढला काय पूजा, नि पूजा झाली काय तीर्थ खलास.”

चंद्रप्रकाशनं सहदेवकडे पाहिलं. भावाला सलाईन लागलं ते आपल्या हातच्या दुधानं, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं, आणि एवढा दणकट माणूस पायरीवर मटकन बसला. रत्नप्रभाला त्याची फार कीव आली. “भावोजी, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी तापवून गार केलेलं घेऊ. पण त्या बाईचं काय ते बघा आता.”

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभा वेसाव्याला गेली. सुकत घातलेल्या बोंबलांच्या मांडवांमधून वाट काढत पुतळाबाईचं घर शोधलं. तिला वाटलं होतं शिव्यांनी स्वागत होईल. पुतळाबाई ओट्यावर नुसती बसून होती. टोपली शेजारी पालथी, कोरडी.

“आयलीस?” ती म्हणाली. “बस. सहदेव कसा हाय? जगला ना?”

“जगला, चांगला फिरतोय. तुम्ही येत का नाही? दुसरीकडे तरी बसायचं.”

पुतळाबाई टोपलीकडे पाहत राहिली. “कोना तोंडानं बसू? सोमवारपासून मना पन झाले गो. दोन दिस उठवत नव्हतं. रविवारचे उरलेले बांगडे मीच खाल्ले व्हते ना.” तिनं टोपलीची कड चाचपली. “तीस वरसं कल्ले बघून माल घेतला. वाटलं, आता डोले गेले माजे, नाक गेलं. मानसं मारायला निघाली मी. धंदा सुनेला पन देनार नाय बोलली, विकून टाकते टोपली.”

चाळीनं जागा काढून घेतली होती ती घेतली होतीच, पण ही बाई इतके दिवस स्वतःलाच गुन्हेगार धरून बसली होती. “पुतळामावशी,” रत्नप्रभानं विचारलं, “पूजेला आलात तेव्हा तीर्थ घेतलंत ना?”

“घेतलं. त्याचं काय?”

मग रत्नप्रभानं सगळं सांगितलं. पुतळाबाई ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, “म्हनजे माजं म्हावरं चांगलं व्हतं?”

“चांगलं होतं.”

“ताजं व्हतं?”

“ताजं होतं, मावशी. तुमचे डोळे आहेत तिथेच आहेत.”

पुतळाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती ढसाढसा रडली. तिची सून आतून धावत आली, ती रत्नप्रभाकडे रागानं बघायला लागली. पुतळाबाईनं तिला हातानं बाजूला सारलं, नाक पुसलं, आणि मग तिचा मूळचा आवाज परत आला. असा आला की शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

“त्या चंद्रप्रकाशला जाऊन सांग! माज्या जागेवर फिनेल ओतलं ना त्यानं? आता त्यानंच धुवायचं! सोत्ताच्या हातानं! वास गेला तर मी बसेन, नायतर नाय!”

पुढच्या रविवारी सकाळी सारी आंबेराई चाळ गॅलरीत उभी होती. पिंपळाच्या पाराशी चंद्रप्रकाश परब, सेक्रेटरी, लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून, खराट्यानं फरशी घासत होता. पुतळाबाई टोपली डोक्यावर घेऊन त्याच्या पुढ्यात उभी. त्यानं पाणी ओतलं, खराटा मारला, आणि वर पाहिलं. ती वाकली, हुंगलं, आणि मान हलवली.

“अजून येतो. आन आनखी एक बादली.”

चंद्रप्रकाश बादली उचलून नळाकडे गेला.